डोळा रंगवलेली गाडी

भाद्रपद वद्य ३, शके १८८६

आज डोणगावच्या बाजारात वांगी लवकर संपली, म्हणून निघण्याआधी गर्दी कशाची ते पाहायला गेलो. चिंचेखाली एक मोटार उभी होती. तिच्या अंगावर गाडीच्या चाकाएवढा डोळा रंगवलेला, टपावर भोंगा. पांढरा कोट घातलेला एक मनुष्य बोलत होता. स्वतःला प्रोफेसर म्हणवतो.

"मेहेरबान, कदरदान! मी औषध विकायला आलो नाही. औषध विकणारे भामटे असतात, त्यांच्यापासून दूर राहा. मी फक्त तुमचे डोळे तुम्हाला परत द्यायला आलो आहे!"

मग गर्दीतून एक म्हातारा काठी टेकत, ठेचकाळत पुढे आला. आपण जवळच्याच वस्तीवरचे, चार वर्षांपासून दिसत नाही म्हणाला. प्रोफेसरने त्याच्या डोळ्यांत थेंब टाकले आणि हातात सुई-दोरा दिला. म्हाताऱ्याने सुईत दोरा ओवला आणि रडू लागला. खरे सांगायचे तर माझ्याही डोळ्यांत पाणी आले.

शेजारचे उकंडराव माझ्याबरोबर होते. त्यांना वर्षभरापासून धुरकट दिसते. त्यांनी दोन बाटल्या घेतल्या आणि एक माझ्या हातात दिली. "वहिनीले द्या. त्याईचे डोळे पाणावतात न सारखे?"

घरी आल्यावर मंडळींनी, म्हणजे माझ्या बायकोने, लगेच थेंब घातले. डोळे गच्च मिटून म्हणाली, "आग होऊन राह्यली. म्हन्जे काम करत असन."

भाद्रपद वद्य १२

कांद्याच्या बियाण्यासाठी बीबी गावच्या बाजाराला गेलो होतो. तिथेही तीच गाडी. भोंगा अजून सुरू व्हायचा होता. गाडीमागे सावलीत तो आंधळा म्हातारा मांडीवर सूप घेऊन बसला होता आणि तांदळातले खडे निवडत होता. पांढऱ्या तांदळातले पांढरे खडे. एक-एक टिपून मागे फेकत होता.

थोड्या वेळाने तोच म्हातारा काठी टेकत गर्दीतून पुढे आला. आता तो बीबीच्या जवळचा होता. सुईत दोरा ओवला. रडला.

 परक्या गावात बोलायला धीर झाला नाही. वाटेने येताना मात्र फार राग आला. औषधाचा तितका नाही. त्याच्या रडण्यावर मी रडलो होतो, त्याचा.

आश्विन शुद्ध ३

आज डोणगावला गाडी पुन्हा आली. म्हातारा ठेचकाळत पुढे आला, प्रोफेसरने बाटलीचे बूच काढले, आणि मी मोठ्याने विचारले, "बाबा, तांदूळ निवडून झाले काय?"

म्हाताऱ्याने दचकून थेट माझ्याकडे पाहिले. आंधळ्याने! आधी दोघे-चौघे हसले, मग सगळा बाजार. मी बीबीची हकीकत सांगितली. उकंडरावांनी आपली बाटली गाडीवरच्या त्या डोळ्यावर फोडली. प्रोफेसर भोंगा न काढताच निघून गेला.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. देवळात पोथी वाचतो म्हणून लोक मान देतात, पण तो मान पोथीचा. आजचा माझा होता. माणसाने असे लिहू नये, पण बरे वाटले.

मंडळींनी बाटली उकिरड्यावर टाकली. टाकण्याआधी थोडा वेळ हातात धरून उभी होती.

आश्विन शुद्ध ९

हे कोणाला सांगण्यासारखे नाही, म्हणून इथे लिहितो.

घटापुढे नऊ दिवस दिवा तेवतो आहे. संध्याकाळी आरती झाल्यावर मंडळी तिथेच बसून राहिली. मला म्हणाली, "अवो, दिव्याभवती रंग दिसून राह्यले. गोल कडं. तांबडं, हिरवं, पिवळं. तुमाले दिसते काय?"

मी जवळ जाऊन बसलो. मला ज्योत दिसली, काजळी दिसली. डोळे बारीक करून पाहिले तरी कडे दिसले नाही.

"कधीपासून दिसते?"

"लय दिवस झाले. मले वाटे समद्यायलेच दिसत असन."

मला मिशा फुटल्या नव्हत्या तेव्हापासून मी पोथी वाचतो. ही चुलीपुढे बसून ऐकते, अक्षर ओळखत नाही. आणि जे मला दिसत नाही ते देवीने हिला दाखवले. थोडा मत्सरही वाटला, मग लाज वाटली. हिला म्हटले, "कोनाले सांगू नको. असं सांगतलं त निघून जाते."

ती "बरं" म्हणाली.

कार्तिक वद्य २

मंडळींचे डोके पुन्हा दुखले. सकाळी उठतानाच दुखते, भुवईच्या वर. दोनदा उलटी झाली. पित्त म्हणून धन्याचे पाणी दिले.

दुपारी तिने उंबऱ्याजवळची घागर पायाने सांडली. घागर रोजच्याच जागी होती. मी रागावलो. म्हटले, चालताना लक्ष कुठे असते तुझे? ती हाताने चाचपत पाणी निपटत बसली. चाचपत म्हणजे, सारवलेल्या भुईवर पाणी तसे दिसत नाही, म्हणून असेल.

गावात आता कोणी काही विकायला आले की लोक म्हणतात, आधी तुळशीरामभाऊला दाखवा. काल बांगडीवाल्याला माझ्याकडे धाडले होते. मला बांगडीतले काय कळते! तरी मी एक बांगडी उजेडात धरून पाहिली.

मार्गशीर्ष शुद्ध ७

आज डोणगावच्या बाजारात पुन्हा मोठी गंमत झाली.

जीपगाडी आली. तिच्यावरही डोळा रंगवलेला, टपावर भोंगा. लोक एकमेकांना कोपराने ढोसू लागले, माझ्याकडे पाहू लागले. कोणीतरी म्हणाले, "भाऊ, तुमचे सोयरे आले."

भोंग्यातून एक नर्सबाई सांगत होती की पुढच्या महिन्यात मेहकरच्या शाळेत डोळ्यांचे शिबिर आहे, मोठे डॉक्टर येणार, तपासणी फुकट, ऑपरेशन फुकट, जेवणही फुकट. मागे उकंडराव पुटपुटले, "त्या प्रोफेसरानं निदान पैसे त मांगतले होते. ह्ये त जेवू घालून राह्यले. ह्ये जास्त पोहोचलेले दिसतात."

मग जीपमधून एक म्हातारा उतरला. जाड भिंगाचा चष्मा. नाव शालिग्राम, राहणार बीबीकडचा. हात जोडून म्हणाला, "भाऊहो, मी दोन साल आंधळा होतो. याईनं ऑपरेशन केलं. आता मले दिसते. मी माह्या नातवाचं तोंड पाह्यलं." आणि त्याला रडू आले.

मी हात वर करून विचारले, "बाबा, तांदूळ निवडून झाले काय?"

सगळा बाजार हशाने फुटला. म्हातारा गोंधळला. चष्मा सावरत म्हणाला, "तांदूळ? आमी भाकर खातो, भाऊ." त्यावर लोक आणखी हसले. मी म्हटले, "अन् हा नातू किती गावांत जन्मला?" पोरे शिट्ट्या मारू लागली. नर्सबाई भोंग्यातून काही सांगत होती, पण कोणाला ऐकू येत नव्हते. म्हातारा हात जोडलेलेच ठेवून उभा होता. शेवटी बाईने त्याला धरून जीपमध्ये बसवले.

आज मंडळी भाजीच्या पाट्या घेऊन बरोबर आली होती. ती बायकांच्या घोळक्यात मागे होती. नंतर पाहिले तर सगळ्यांच्या पुढे, जीपच्या अगदी जवळ येऊन उभी होती. गर्दीत कोणी ढकलली असेल.

मार्गशीर्ष शुद्ध ८

सकाळी भाकरी थापताना मंडळी म्हणाली, "तो कालचा मानूस. खरंच त्याईचाच आनलेला असन काय?"

"दुसरा कोन असन?"

"रडला न तो."

"पहिला बी रडलाच होता."

"हाव," ती म्हणाली. "त्ये बी खरं." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "मेहकर काही लय दूर नाही."

मी म्हटले, मेहकरला कोणाकडे जायचे आहे? ती म्हणाली, कोणाकडे नाही. भाकरी एका बाजूने जळाली.

पौष वद्य ५

आज उकंडरावांच्या दारावरून जात होतो. ओट्यावरून त्यांनी हाक मारली, "तुळशीरामभाऊ, मिशा लय पांढऱ्या झाल्या न तुमच्या!"

मी थांबलो. उकंडरावांनी वर्षभरात माझ्या मिशा पाहिल्या नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा होता.

त्यांची बायको बनाबाई आतून बाहेर आली. मला वाटले खजील होईल, पण ती कमरेवर हात ठेवूनच उभी राहिली. "मावसभावाकडं जातो असं गावात सांगतलं अन् शिबिराले नेलं याईले. तुमच्या भेवानं. तुमी हसले असते चार लोकांत. पन मानूस मायं हाय. हसून घ्या आता काय हसाचं त्ये."

उकंडराव म्हणाले, "जाऊ दे वो. भाऊ, मी बी भेत भेतच गेलो. खरं निघालं, त्याले मी काय करू?"

शिबिर परवाच संपले.

घरी आलो आणि मंडळींना अंगणात उभे केले. हात बाजूला धरून विचारले, बोटे किती? ती म्हणाली, "कोनती बोटं? कुठी हायेत?" मी हात समोर आणला. तिने मान वाकडी करून उजव्या डोळ्याने पाहिले. "तीन." बरोबर होते. मग तिने स्वतःच डावा डोळा हाताने झाकला, काढला, आणि म्हणाली, "याच्यानं कायच नाही. दिवाळीपासून कायच नाही."

मला लिहवत नाही.

पौष वद्य ९, अकोला

मेहकरच्या शाळेत विचारपूस केली, तेव्हा शिबिराचे डॉक्टर अकोल्याला बसतात असे कळले. एस.टी.ने आलो. धर्मशाळेत उतरलो आहोत.

डॉक्टर तरुण आहेत, माझ्या थोरल्या पुतण्याच्या वयाचे. त्यांनी बराच वेळ तपासले. मग विचारले, "बाई, दिव्याभोवती रंगीत कडं दिसायचं का?"

मंडळींनी माझ्याकडे तोंड फिरवले. तिला मी सांगू नको म्हटले होते, आणि डॉक्टरांना सांगायलाही तिला माझी परवानगी हवी होती. मीच म्हणालो, "हो. दिसत होतं."

"सकाळी डोकं दुखणं? उलट्या?"

"हो."

डॉक्टर म्हणाले, हा काचबिंदू आहे. डोळ्याच्या आत दाब वाढतो आणि नजर कडेकडेने मरत जाते. ते कडे म्हणजे त्याची खूण असते. मोतीबिंदू वाट पाहतो, उशिरा काढला तरी दिसते. काचबिंदू वाट पाहत नाही. डावा डोळा गेला. उजव्यात चिमूटभर उरले आहे. ऑपरेशन करू, राहिले तर राहील. गेलेले मात्र परत येत नाही.

मग त्यांनी विचारले, रागाने नाही, साधेच विचारले, "मार्गशीर्षात आणायला हवं होतं. डोणगावला आमची गाडी आली नव्हती का?"

मी म्हणालो, "आली होती."

पुढे ते काही विचारतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी पुढच्या रोग्याला आत बोलावले.

माघ शुद्ध १३

ऑपरेशन होऊन घरी येऊन आठवडा होत आला. पट्टी काढल्यावर उजव्या डोळ्यात उजेड-अंधार कळतो, समोरचे मनुष्य हलले तर कळते. एवढेच.

मी पाणी भरतो, भाकरी थापतो. भाकरी नकाशासारखी होते. ती बोटांनी काठ चाचपते आणि हसते.

आज धीर करून विचारले, "त्या दिवशी बाजारात तू जीपजवळ गेली होती. तुले जायाचं होतं काय?"

ती वाती वळत होती. वाती ती न पाहता आधीपासूनच वळते.

"हाव."

"मंग बोलली काऊन नाही?"

"तुमी बोलले होते न चार लोकांत," ती म्हणाली. "आता मी त्याईले जाऊन म्हनलं असतं का मायं नाव लिवा, त तुमचं काय राह्यलं असतं?"

मी देवापुढे जाऊन बसलो.  दिवा लावला आणि मग तो कोणासाठी लावला असे वाटून तसाच पाहत राहिलो.

माघ वद्य १०

बीबीला शालिग्रामच्या घरी गेलो. विचारत विचारत घर सापडले. तो अंगणात दोर वळत बसला होता आणि एक लहान मूल त्याच्या पाठीवर लोंबकळत होते. नातू खरा होता.

मी पाया पडलो. त्याने चेहऱ्यावरून ओळखले नाही, आवाजावरून ओळखले. "अरे, तांदूळवाले!"

मी सगळे सांगितले. बाजारातले, घरचे, अकोल्याचे. तो दोर सोडून ऐकत राहिला. मला वाटले शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरे झाले असते.

"भाऊ," तो म्हणाला, "मी बी त्या प्रोफेसराचं औषध घातलं होतं. अख्खी बाटली. मंग मले डॉक्टरकडे नेलं त मी पोराले दगड मारले होते. म्हनलं, ह्ये बी चोर हायेत." मग सुनेला हाक मारून माझ्यासाठी गुळाचा चहा सांगितला. म्हणाला, "दोघाईची गाडी एकसारखी, भोंगा एकसारखा, डोळा बी एकाच पेंटरनं काढला असन. गरिबानं कसं वळखाचं?"

त्याचे म्हणणे दयेचे आहे. पण मी विचार करतो. पहिल्या वेळी मी त्या म्हाताऱ्याला खडे निवडताना डोळ्यांनी पाहिले होते आणि मग बोललो. दुसऱ्या वेळी काही पाहिले नव्हते. तरी तितक्याच मोठ्याने बोललो.

निघताना तो म्हणाला, फाल्गुनात जीप पुन्हा फिरणार आहे. "या वख्ती तुमी बोला. तुमचा आवाज लय पोचते, मले मालूम हाय."

फाल्गुन वद्य ४

आज बोललो.

मंडळींनी बरोबर यायचा हट्ट धरला. उकंडराव तिला हात धरून घेऊन आले. नर्सबाई तीच होती. मी नाव सांगितले, तिने माझ्याकडे पाहिले आणि भोंग्याचा माईक हातात दिला. 

मी सांगितले की हे शिबिर खरे आहे, मी चुकलो होतो, जाऊन या.  लोक ऐकत होते, पण तोंडावर हसू होते. शेवटी एक जण ओरडला, "भाऊ, तुमाले बी गाडीत बसवलं काय आता?" दुसरा म्हणाला, "चष्मा त घालाचा होता, तुळशीरामभाऊ! चष्म्याशिवाय कोन मानन?" हशा पिकला. तो हशा मला ओळखीचा होता. मीच त्यांना तो शिकवला होता. 

तेवढ्यात मंडळी पुढे आली. जीपला हात लावत, चाचपत माझ्यापर्यंत आली. लग्नाला इतकी वर्षे झाली, चार माणसांत ती कधी बोललेली नाही. माईक कुठे आहे तेही तिला दिसत नव्हते. मी तो तिच्या तोंडापुढे धरला.

"मले दिसत नाही," ती म्हणाली.

बाजार थांबला. या गाडीवरून आजवर प्रत्येक जण मला दिसते असेच म्हणत आला होता.

"या गाडीवाल्यायनं मांगं सांगतलं होतं. तवा मले थोडं दिसे. तवाच गेली असती त दिसलं असतं. मी गेली नाही. मलेच भरोसा वाटला नाही. याईनं म्हनलं होतं, जा म्हनून. मीच नाही म्हनलं."

शेवटचे बोलताना तिने माझ्या दिशेने हात केला.

मार्गशीर्षात त्याच चिंचेखाली मी काय बोललो होतो ते तिथल्या प्रत्येकाने ऐकले होते. हिने खोटे सांगितले हे साऱ्या बाजाराला कळले. खोटे पकडणारा म्हणून माझे नाव झाले होते, आणि सगळे माझ्याकडे पाहत होते. मी खरे सांगायला तोंड उघडले, पण तिने माझे मनगट धरले. पाट्या उचलून उचलून तिच्या हातात अजून जोर आहे.

मी काही बोललो नाही.

कोणी हसले नाही. मग बनाबाईने आपल्या सासऱ्याला धरून पुढे आणले. त्यामागे तेलाच्या घाण्यावरचा एक मनुष्य आला, आणि डोक्यावर पदर ओढून एक म्हातारी. नर्सबाईने तिघांची नावे लिहून घेतली.

परतताना उकंडराव पुढे गेले. मी तिचा हात धरून चालत होतो. ती म्हणाली, "लय होते काय लोकं?"

"हाव. बाजार भरला होता."

"अन् नावं?"

"तीन."

 मग तिने विचारले, "त्यात बाई कोनी होती काय?"

"एक होती. म्हातारी."

"बरं झालं," ती म्हणाली.